‘आता नुसती दारूच आहे’ : गर्दच्या उपचारांत असणाऱ्यांसाठी दारूविषयी मार्गदर्शन

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सुटल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आमच्या घरात ‘आता नुसती दारूच आहे’ हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले गेले, तितके दुसरे कोणतेही नाही. आईने ते शेजारच्या काकूंना सांगितले, थोरल्या भावाने माझ्या सासऱ्यांना सांगितले आणि मी स्वतः ते ओएसटी केंद्रातल्या (गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदली औषध देणाऱ्या केंद्रातल्या) समुपदेशक ताईंना छाती पुढे काढून सांगितले. लालबागच्या चाळीत वाढलेल्या आम्हा लोकांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. गिरणीची पाळी संपवून येताना वडील आणि त्यांचे सोबती थोडी घेऊन येत, त्याला कोणी व्यसन म्हणत नसे. ब्राउन शुगर ओढणाऱ्याला मात्र ‘गर्दुल्ला’ म्हणून जिन्यावरून हुसकावले जाई. त्यामुळे मी गर्द ओढायची पन्नी टाकून दारूचा ग्लास हाती घेतला, तेव्हा मला बढती मिळाल्यासारखे सगळे वागू लागले. त्या बढतीची अखेर महापालिकेच्या एका रुग्णालयातल्या खाटेवर झाली. तो प्रसंग दुसऱ्या पायरीत सांगितला आहे.

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही ओएसटीची औषधे घेत असलेल्या, अथवा ती लवकरच सुरू होणार असलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहीत आहे. औषध कोणते आणि किती, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्यासमोर काय सांगायचे, काय विचारायचे आणि कोठे फसायचे नाही, एवढेच मला सांगता येईल.

सोबत काय न्यावे

आधार कार्ड किंवा हाताशी असेल तो ओळखीचा कागद न्यावा. काहीच नसेल तर तसे सांगावे, पण त्यासाठी जाणे लांबवू नये. जुने केसपेपर, आधीच्या व्यसनमुक्ती केंद्रांतले डिस्चार्जचे कागद आणि रक्त तपासणीचे अहवाल एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, म्हणजे झोपेच्या, आकडीच्या, टीबीच्या, एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्यासुद्धा, जशीच्या तशी न्यावीत. ‘एक पांढरी गोळी आहे’ या वर्णनावरून कोणताही डॉक्टर काही ओळखू शकत नाही. शेवटी, खरे बोलताना ज्याच्यासमोर संकोच वाटणार नाही असा एक माणूस सोबत असावा. तो घरचाच असला पाहिजे असे नाही.

१. पहिल्याच भेटीत दारूचा खरा हिशेब द्यावा

गर्दविषयी आपण सगळे सांगतो, कारण त्यासाठीच आलेलो असतो. दारूविषयी विचारले की ‘कधीतरी, मित्रांमध्ये’ असे उत्तर तोंडात तयार असते. मीही तेच दिले. त्यावर ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी स्टीलचा एक पेला आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “दादा, तुम्ही घरी एक पेग भरता तसा भरून दाखवा.” मी भरला. ते पाणी त्यांनी औषध मोजण्याच्या लहान कपाने मोजले, तर ते ८० मिलीच्या वर भरले. बारमध्ये ज्याला लहान पेग म्हणतात तो ३० मिलीचा असतो. म्हणजे मी ‘दोनच पेग’ म्हणत होतो तेव्हा प्रत्यक्षात पाचाहून अधिक घेत होतो, आणि हे मी खोटे बोलत नव्हतो. मला खरोखरच ठाऊक नव्हते.

हिशेबाची रीत सोपी आहे. आपल्याकडच्या व्हिस्की, रम यांच्या बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेले असते. अशा दारूच्या ३० मिलीमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. त्याला एक युनिट म्हणावे. त्यानुसार नाइंटी म्हणजे ३ युनिट, १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६ आणि ७५० मिलीचा खंबा म्हणजे सुमारे २५ युनिट होतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा टक्का वाचावा: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४ युनिट, म्हणजेच नाइंटीपेक्षा जास्त. हातभट्टीचा हिशेब मात्र कोणालाच मांडता येत नाही, कारण तिच्यात किती आणि काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

यानंतर बहुधा ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली भरून घेतली जाते. ती जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली असून तिच्यात १० प्रश्न आणि ४० पैकी गुण असतात. ८ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पट्ट्यात गेले, असे धरतात. माझे २३ आले. परीक्षेत इतके गुण मला क्वचितच मिळाले असतील.

खरे सांगितले तर गोळी बंद करतील, नाव काढून टाकतील, ही भीती जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते. म्हणून केंद्राचा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्यावा: ‘प्यायलेल्या अवस्थेत आलो तर काय होते, आणि आदल्या दिवशी प्यायल्याचे सांगितले तर काय होते?’ या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतात. तुम्ही दिलेली माहिती गोपनीय राहण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दिलेला आहे; ती घरच्यांना सांगायची की नाही, यावरही तुमचे मत आधी घ्यायला सांगावे.

२. रोज पीत असाल तर मनाने एकदम बंद करू नये

हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण आपल्याला टर्कीची, म्हणजे गर्द तुटल्यावर होणाऱ्या त्रासाची, सवय असते. गर्दची टर्की नरकासारखी असते, पण एरवी धडधाकट असलेला माणूस तिच्यामुळे सहसा दगावत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर मात्र जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, धडधड आणि मळमळ सुरू होते; पहिल्या ४८ तासांत आकडी येऊ शकते; आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होऊन नसलेली माणसे, किडे, आवाज दिसू-ऐकू लागतात. या अखेरच्या अवस्थेला रुग्णालयच लागते.

माझ्या बाबतीत असे झाले. आषाढी एकादशीला मी गळ्यात माळ घातली आणि त्याच दिवशी दारू सोडली. माळेचा मला आजही आदर आहे; चूक होती ती डॉक्टरांना न विचारण्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीतला चहा तोंडापर्यंत नेताना निम्मा सदऱ्यावर सांडला. घरच्यांना आणि मला दोघांनाही ती टर्कीच वाटली, म्हणून आई केंद्रात जाऊन ‘याची गोळी वाढवून द्या’ म्हणून विनवणी करून आली. पण जरा नीट पाहिले असते तर फरक कळला असता: मला जांभया येत नव्हत्या, नाक-डोळे गळत नव्हते, हाडे दुखत नव्हती आणि जुलाबही नव्हते. ब्युप्रेनॉर्फिन रोज वेळेवर पोटात, किंवा नेमके सांगायचे तर जिभेखाली, जात असताना टर्की यायचे कारणच नव्हते. ही थरथर दारूची होती. त्या रात्री मला आकडी आली आणि पुढच्या तीन रात्री मी रुग्णालयात काढल्या. त्यातली एक मला आठवतच नाही.

म्हणून रोज पिणाऱ्याने, आधी कधी आकडी आलेल्याने आणि सकाळी उठल्या-उठल्या घोट लागणाऱ्याने दारू सोडण्याचा दिवस डॉक्टरांशी बोलून ठरवावा. दारू तोडताना दिल्या जाणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारख्या गोळ्या काही दिवसांत कमी करत थांबवल्या जातात. याच गोळ्या ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनबरोबर जास्त झाल्या तर श्वास मंदावतो, त्यामुळे आपल्यासारख्या रुग्णांनी हा टप्पा दाखल होऊन पार पाडणे बरे. मित्राकडून ‘बटण’, म्हणजे नशेसाठी विकली जाणारी झोपेची गोळी, आणून घरच्या घरी दारू तोडण्याचा प्रयोग मी दोघांना करताना पाहिला आहे. त्यांतल्या एकाला आता दारूऐवजी बटणाचे व्यसन आहे. मेंदूला लागणाऱ्या थायमिन या जीवनसत्त्वाविषयीही विचारावे; ते बहुधा आधी इंजेक्शनने देतात आणि ते टाळू नये.

३. आपली गोळी आणि दारू यांचे नाते समजून घ्यावे

ब्युप्रेनॉर्फिन हे औषध गर्द जेथे बसतो त्याच जागी मेंदूत बसते, पण त्याचा जोर अर्धवट असतो. डोस वाढवला तरी श्वास मंद करण्याचा परिणाम एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही, आणि म्हणूनच ते सुरक्षित मानले जाते. ही सुरक्षितता एकट्या ब्युप्रेनॉर्फिनची आहे. वर दारू किंवा झोपेची गोळी पडली की ती मर्यादा राहत नाही. ‘या गोळीने कोणी मरत नाही’ असे रांगेत सांगणारे भेटतात. त्यांनी वाक्य अर्धेच ऐकलेले असते.

मेथाडोनला तर अशी मर्यादाच नाही. त्याचा जोर घेतल्यानंतर दोन ते चार तासांनी सर्वाधिक असतो आणि ते एका दिवसाहून अधिक काळ अंगात राहते. सकाळी घेतलेले मेथाडोन संध्याकाळी ‘उतरले’ असे वाटते, प्रत्यक्षात ते तेथेच असते.

आता त्या सापळ्याविषयी, जो मला सर्वांत धोकादायक वाटतो. दारूसाठी वेगळा डॉक्टर गाठायचा आणि त्याला ओएसटीविषयी सांगायचे नाही, असे बरेच जण करतात. दारूची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन हे चांगले औषध आहे आणि ते सर्रास लिहून दिले जाते. परंतु ते अफूवर्गीय औषधांना मेंदूतून हुसकावून लावते. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असलेल्या माणसाने नाल्ट्रेक्सोनची एक गोळी घेतली तरी मिनिटांत अशी टर्की उसळते की आधीच्या साऱ्या फिक्या वाटाव्यात, आणि वरून गोळी घेतली तरी ती लवकर शमत नाही. दारूसाठी अकॅम्प्रोसेटसारखी दुसरी औषधे आहेत, ज्यांचा ओएसटीशी असा झगडा नाही. मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टर ते देऊ शकतात. म्हणून केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘ब्युप्रेनॉर्फिन चालू’ असे लिहून घ्यावे आणि दाताच्या डॉक्टरलासुद्धा ते दाखवावे.

४. प्यायलेल्या दिवशी गोळीचे काय करायचे

येथे दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली म्हणजे लपवून, वेलची चघळत केंद्रात डोस मिळतो त्या खिडकीवर जाणे आणि अंगात दारू असतानाच डोस घेणे. दुसरी अधिक समंजस वाटते: ‘आज संध्याकाळी बसायचे आहे, म्हणून सकाळची गोळी नको.’ मी कितीतरी शनिवार असेच काढले. दोन दिवस गोळी चुकली की सोमवारी अंग मोडते, दारू ते भागवू शकत नाही आणि पाय आपोआप जुन्या अड्ड्याकडे वळतात. मधल्या काळात अंगाची गर्द पचवण्याची ताकद कमी झालेली असते. त्यात पूर्वीइतकाच माल आणि वर दारू, या मिश्रणाने माणसे जातात.

मग करायचे काय? शरीर अल्कोहोल साधारण ताशी एक युनिट या वेगाने बाहेर टाकते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री १ वाजेपर्यंत दीड क्वार्टर, म्हणजे ९ युनिट, घेतलेल्या माणसाच्या अंगात सकाळी ९ वाजता अजून दारू असू शकते, मग त्याला कितीही ताजेतवाने वाटो. अशा सकाळी केंद्रात जावेच, पण सांगून जावे. डॉक्टर किंवा परिचारिका तुम्हाला थोडा वेळ बसवून ठेवतील, डोस उशिरा देतील किंवा त्या दिवशी देणार नाहीत. ते रागाने घ्यायचे कारण नाही.

५. यकृताची तपासणी करून घ्यावी

सुई वापरणाऱ्यांमध्ये हिपॅटायटिस सी पुष्कळ आढळतो आणि तो अनेक वर्षे काहीच त्रास देत नाही. त्यावर दारू पडत राहिली की यकृत लवकर कडक होऊ लागते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू असून त्याअंतर्गत तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. उपचार बहुतेकांच्या बाबतीत १२ आठवड्यांचा असतो. ‘आधी दारू पूर्ण सोडेन, मग तपासेन’ असे म्हणून थांबू नये. टीबीची औषधे चालू असतील तर ती यकृतावर आधीच भार टाकत असतात, शिवाय त्यातले रिफाम्पिसिन मेथाडोनचा आणि ब्युप्रेनॉर्फिनचाही जोर कमी करू शकते. तेव्हा अंग मोडते म्हणून दारूचा आधार न घेता डोसविषयी बोलावे.

६. घरच्यांना एका सत्राला आणावे, आणि त्यांनी हे करू नये

माझ्या आईने जाहिरात पाहून ‘नकळत द्यायची, दारू सोडवणारी’ पूड मागवली होती. अशा पुड्यांमध्ये काय असते हे पुडीवरून कळत नाही. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि हा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो. ते रुग्णाच्या संमतीनेच, हृदय-यकृत तपासून द्यायचे असते. वरणात कालवून देणे म्हणजे विषप्रयोगाच्या जवळचे काम आहे. रात्री गाडी आणून माणसाला उचलून नेणाऱ्या केंद्रांपासूनही सावध राहावे. तेथे ओएसटी एका दिवसात तोडतात आणि दारूची आकडी ओळखणारा डॉक्टर असेलच असे नाही.

सत्रात घरच्यांना एवढे कळले तरी पुष्कळ झाले की ‘गर्द नको, त्यापेक्षा माझ्यासमोर घरी बसून पी’ ही माया महागात पडते. आईला हे माझ्याकडून पटले नसते. ते ताईंनी सांगितले, तेही माझ्यादेखत आणि तिचा हात हातात घेऊन.

एनए (नार्कोटिक्स अॅनॉनिमस) आणि एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) या व्यसन सोडणाऱ्यांच्या गटांच्या सभा मुंबईत ठिकठिकाणी होतात. एनएमध्ये दारूला वेगळे धरत नाहीत, तोही एक मादक पदार्थच मानतात, आणि याच गोष्टीचा मला सर्वाधिक उपयोग झाला. मात्र गोळी घेणारा ‘क्लीन’ नाही, असे म्हणणारेही तेथे भेटतात. त्यांचे ऐकून औषध बंद करू नये.

७. दिवस आधीच ओळखून ठेवावेत

वर्षभराच्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने खुणा करतो: गटारी, दहीहंडी, ३१ डिसेंबर, पगाराची तारीख, आणि भाऊबंदांत लग्न असेल तर लग्नापेक्षा हळदीचा दिवस. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी गोळ्यांची सोय निदान आठवडाभर आधी विचारावी. सोबत देण्याचा नियम असेल तर किती दिवसांच्या मिळतील ते कळते, नसेल तर दोन दिवसांतच परतीचे तिकीट काढता येते. हळदीला मी जेवणाच्या वेळी जातो, हातात आधीच सरबताचा ग्लास घेतो आणि ‘टीबीच्या गोळ्या चालू आहेत’ असे सांगतो. हे खोटे आहे, मला मान्य आहे. ‘सोडली’ म्हटले की दहा जण आग्रह करतात, टीबी म्हटले की कोणी करत नाही.

८. धोक्याची चिन्हे आणि स्लिप (पुन्हा पिणे) झाल्यास

‘पिऊन पडलाय, झोपू दे’ हे वाक्य ओएसटीवरच्या माणसाबाबत कधीही उच्चारू नये. हाक मारून, खांदा जोरात हलवूनही जाग येत नसेल, जोरजोरात घोरणे किंवा घशातली गुरगुर ऐकू येत असेल, दोन श्वासांमध्ये फार अंतर पडत असेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, तर लगेच १०८ ला फोन करावा. माणूस श्वास घेत असेल तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात पाणी किंवा ताक घालू नये आणि एकटे सोडू नये. फोनवर ‘दारू प्यायला आहे’ एवढेच न सांगता कोणती गोळी चालू आहे तेही सांगावे. नॅलॉक्सोनचे इंजेक्शन अफूवर्गीय औषधाचा परिणाम उतरवते, दारूचा नाही. त्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि मेथाडोन त्याहून पुष्कळ जास्त टिकते. त्यामुळे माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच. एरवी सल्ल्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलि-मानसची मोफत हेल्पलाइन आहे.

स्लिप झाली तर दुसऱ्या दिवशी खिडकीवर तीन उत्तरे तयार ठेवून जावे: काय प्यायलो, किती मिली आणि किती वाजता थांबलो. ‘चूक झाली, माफ करा’ यावर तेथे लिहिण्यासारखे काही नसते. या तीन आकड्यांवरून मात्र आजचा डोस ठरतो. माझ्या पाकिटात अजूनही एक चिठ्ठी आहे, तिच्यावर ताईंच्या अक्षरात ‘रम, २१०, ११.३०’ असे लिहिलेले आहे. त्या दिवशी मला डोस दुपारी दोन वाजता मिळाला आणि तोवर मी बाकावर बसून सगळी वर्तमानपत्रे वाचून काढली.